ठेकेदार घर अर्धवट सोडून गेला : पुरावा गिलाव्याखाली जाण्याआधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रात स्वतःच्या प्लॉटवर तळमजला आणि वर एक मजला, मिळून १,८०० चौरस फूट बांधकाम. ‘विथ मटेरियल’ १,९०० रुपये चौरस फुटानं ठरलेलं, म्हणजे एकूण ३४ लाख २० हजार. त्यातले २६ लाख देऊन झाले. दोन्ही स्लॅब पडले, वीटकाम झालं, आतला गिलावा निम्मा झाला. फरशी, प्लंबिंग, लाइटचं काम, वरचं वॉटरप्रूफिंग हे सगळं बाकी आहे. चार महिन्यांपासून साइट बंद आणि ठेकेदार फोन उचलत नाही. वरचा स्लॅब गळतो आणि जिन्याजवळच्या बीमला खालून खडी दिसते. नोटरी केलेला दोन पानी करारनामा आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: याचं लायसन्स कुठे रद्द करून घ्यायचं, आणि उद्यापासून दुसरा ठेकेदार लावला तर चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात रोज नुकसान होऊ शकतं. उद्यापासून लावू नका. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. गेली वीसेक वर्षं ग्राहक आयोगातल्या आणि दिवाणी कोर्टातल्या अशा प्रकरणांसाठी साइट तपासून अहवाल देतो. हरलेल्या तक्रारींमध्ये मला सर्वांत जास्त वेळा दिसलेलं कारण एकच आहे. घरमालकानं वैतागून नवा माणूस लावला, त्यानं आठ दिवसांत बीमची खडी सिमेंटनं लिंपून टाकली, भिंतींवर गिलावा चढवला, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा जुन्या ठेकेदाराचं काम कुठे संपलं आणि नव्याचं कुठे सुरू झालं हे शपथेवर सांगता येईना. समोरचा वकील एवढंच विचारतो, “हे माझ्या अशिलाचंच काम कशावरून?” त्याला उत्तर नसतं.

आता लायसन्स. खाजगी घर बांधणाऱ्या सिव्हिल ठेकेदाराला आपल्याकडे असा कुठला परवाना लागतच नाही, जो तुमच्या तक्रारीवरून कोणी रद्द करेल. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे नोंदणीकृत ठेकेदार असतात, त्यांना काळ्या यादीत टाकतात, पण ती यादी सरकारी कामांपुरती. जीएसटी नंबर म्हणजे कामाच्या दर्जाचा दाखला नव्हे. आणि महारेरा इथे लागू होत नाही. रेरा कायदा २०१६ हा विकण्यासाठी प्रकल्प उभारणाऱ्या प्रवर्तकासाठी आहे. तुम्ही तुमच्याच जमिनीवर, तुमच्यासाठी घर बांधून घेताय. रेरामधली पाच वर्षांची दोषदुरुस्तीची हमी अनेकजण इथे सांगतात, पण ती तुमच्या ठेकेदाराला त्या कायद्यानं चिकटत नाही. करारात लिहिली असेल तरच आहे.

पण मंजूर नकाशा काढा आणि त्यावरचा शिक्का वाचा. महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत नकाशावर वास्तुविशारदाची किंवा परवानाधारक इंजिनिअरची सही असते, आणि त्यानं देखरेखीची जबाबदारी लेखी घेतलेली असते. आपल्याकडे बऱ्याचदा ठेकेदार स्वतःच परवानाधारक इंजिनिअर असतो, किंवा त्याच्या भावाचा, भागीदाराचा शिक्का वापरलेला असतो. तसं असेल तर परवाना आहे, आणि त्यावर कारवाईही होऊ शकते. परवानाधारक इंजिनिअरबद्दलची तक्रार त्याला परवाना देणाऱ्या नियोजन प्राधिकरणाच्या नगररचना विभागाकडे करायची. वास्तुविशारद असेल तर आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ च्या कलम ३० खाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे तक्रार जाते. चौकशीअंती कौन्सिल समज देऊ शकतं, नाव निलंबित करू शकतं किंवा नोंदवहीतून काढू शकतं. वीज ठेकेदाराला मात्र राज्याचा परवाना लागतो, त्यामुळे भिंतीत पाइप आणि वायर टाकून झाल्या असतील तर तोही कागद मागा. या तक्रारी जरूर करा, मात्र त्यातून तुमचे पैसे परत येत नाहीत. ती शिस्तीची कारवाई आहे, नुकसानभरपाई वेगळ्या दारातून येते. आणि ज्या इंजिनिअरनं खरोखर साइटवर येऊन चुका दाखवल्या, लिहून दिल्या, त्याला रागाच्या भरात यात ओढू नका. तोच उद्या तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे.

मग सुरुवात कुठून? साइट जशी आहे तशी गोठवा. कुलूप लावा. पडलेलं सिमेंट, सळई, सेंट्रिंगच्या प्लेटा, मिक्सर काय काय आहे त्याची यादी करा, शेजारच्या दोन माणसांच्या सह्या घ्या. ठेकेदाराचं सामान विकू नका, दुसऱ्याला वापरायला देऊ नका. तेवढ्यावरून चोरीचा उलटा आरोप झालेला मी पाहिला आहे. फोटो काढताना आधी खोलीचा पूर्ण फोटो, मग त्याच भिंतीचा जवळचा, मग दोषावर टेप धरून अगदी जवळून. नुसता खडीचा फोटो कुठल्याही घराचा असू शकतो. नकाशाच्या झेरॉक्सवर प्रत्येक फोटोचा नंबर लिहा.

यानंतर कुठल्याही स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याकडून मोजमाप करून घ्या. नव्या ठेकेदाराच्या ओळखीचा नको, तुमचा मेहुणा नको. तपासणीची तारीख आणि वेळ जुन्या ठेकेदाराला आधी लेखी कळवा, स्पीड पोस्टनं आणि व्हॉट्सॲपवर, दोन्हीकडे. बहुतेक वेळा तो येत नाही. न येण्याचीही नोंद होते आणि पुढे “माझ्या माघारी केलं” ही तक्रार त्याला करता येत नाही. आला तर फारच उत्तम, मोजमापावर त्याची सही घ्या.

तुम्ही लिहिलेल्या दोन दोषांबद्दल जरा थांबून बोलतो, कारण दोन्हींचं वजन सारखं नाही. स्लॅब गळतो हे तुम्हाला सगळ्यात मोठं वाटतंय. पण वॉटरप्रूफिंग अजून झालेलंच नाही असंही तुम्हीच लिहिलंय. कोबा (पाणी वाहून जाण्यासाठी वर घालायचा उताराचा थर) घातलेला नाही, अशा उघड्या स्लॅबवर पावसाचं पाणी साचलं तर थोडं झिरपू शकतं, आणि समोरचा नेमकं हेच म्हणेल. म्हणून सगळी तक्रार गळतीवर टांगू नका. गळती कुठून होते ते पाहा. पाइप बाहेर येतो तिथून, की एका सरळ रेषेत? सरळ रेषेत असेल तर स्लॅब एका दिवसात न भरता अर्ध्यात थांबवला आणि दुसऱ्या दिवशी जुन्या काँक्रीटला नवं जोडलं, असा संशय येतो. ती कामातली खोट आहे. वॉटरप्रूफिंग बाकी आहे म्हणून ती माफ होत नाही.

बीमची खडी मात्र गंभीर आहे. आम्ही त्याला हनीकोम्ब म्हणतो. सेंट्रिंगच्या फटींतून सिमेंटचं पाणी निघून जातं, व्हायब्रेटर नीट फिरवलेला नसतो, आणि तळाशी नुसती खडी उरते. थापीचं टोक किंवा स्क्रूड्रायव्हर हलक्या हातानं लावून पाहा. वरच्या वर एखादा सेंटिमीटर असेल तर दुरुस्ती सोपी. खडी हातानं निघायला लागली आणि आत सळई दिसली, तर हात थांबवा, आणखी खरवडू नका. त्या बीमखाली टेकू द्यायचा की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्याच दिवशी विचारा. सळई दिसत असेल तर टेप लावून फोटो घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईवर काँक्रीटचं आवरण खांबाला साधारण ४० मिलिमीटर, पायाला ५० आणि स्लॅबला सौम्य हवामानात २० मिलिमीटर लागतं. साइटवर मी कितीदा तरी ८-१० मिलिमीटर पाहिलंय, कारण कव्हर ब्लॉकऐवजी (सळई आणि सेंट्रिंगमध्ये अंतर ठेवणारा ठोकळा) खडीचा तुकडा सरकवलेला होता.

गिलाव्याच्या भिंतींवर बोटाच्या पेराने ठोकत जा. चांगला गिलावा घट्ट वाजतो. भिंतीपासून सुटलेला असेल तिथे बद्द, पोकळ आवाज येतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूनं गोल करा आणि फोटो घ्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा बहुधा पाणी न मारल्याच्या असतात, त्या दिसायला वाईट पण घराला धोका नसतो. बीमखाली भिंतीच्या माथ्यावर आडवी सरळ चीर दिसते ती घाईनं वीटकाम वर नेल्याची. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी, वाढत जाणारी चीर किंवा खांबाला उभी चीर असेल तर ती तपासावीच लागते. हे वेगवेगळं लिहिलेलं असलं की अहवालाला किंमत येते. “सर्व काम निकृष्ट दर्जाचे आहे” या एका वाक्याला काहीच नाही.

काँक्रीटच्या ताकदीची शंका असेल तर चाचणी. रिबाउंड हॅमरनं (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं उपकरण) स्वस्तात आणि पटकन अंदाज मिळतो, पण त्यात २५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे नुसत्या हॅमरवर केस उभी करू नका. त्याच्या जोडीला ध्वनिलहरींची अल्ट्रासॉनिक चाचणी करा, आणि खरंच गरज असेल तर कोअर, म्हणजे तपासणीसाठी कापलेला काँक्रीटचा दंडगोल, काढा. आयएस ४५६ सांगतं की तीन कोअरची सरासरी ठरलेल्या घनताकदीच्या (काँक्रीटच्या चौकोनी ठोकळ्यावर मोजलेली ताकद) किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. कोअर कुठून घ्यायचा हे इंजिनिअरनं खूण करून द्यायचं, सळई कापली जाता कामा नये, आणि भोक न आकसणाऱ्या ग्राउटनं भरून घ्यायचं. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची घ्या, किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय, पुण्याच्या सीओईपी, सांगलीच्या वालचंद अशा महाविद्यालयांकडे चौकशी करा. त्यांच्या शिक्क्याला आयोगात मान असतो.

इथे एक प्रकरण सांगतो, कारण त्यात चाचणीपेक्षा घरातल्या आजींनी जास्त काम केलं. स्लॅबच्या दिवशी त्या पायरीवर बसून होत्या आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, त्या तारखेच्या चौकोनात, मिक्सरमध्ये पडणाऱ्या सिमेंटच्या पोत्यांसाठी पेन्सिलीनं उभ्या रेघा ओढत होत्या. पाच रेघा झाल्या की आडवी काट. मी मोजलं तर ६२ पोती. स्लॅब आणि बीम मिळून काँक्रीट होतं १२ घनमीटर. करारात एम-२० दर्जाचं काँक्रीट म्हटलेलं. सिमेंट, वाळू, खडी एकास दीड, तीन या प्रमाणात एका घनमीटरला आठेक पोती लागतात, म्हणजे ९६ च्या आसपास हवी होती. चौतीस पोती गेली कुठे? ठेकेदाराच्या वकिलानं म्हाताऱ्या बाईचा हिशोब म्हणून तो कागद उडवायचा प्रयत्न केला. पण कोअरचा निकाल त्याच दिशेनं आला, आणि दोन्ही एकत्र ठेवल्यावर ठेकेदार तडजोडीला आला. तुमच्या घरात कोणी असं काही लिहून ठेवलं असेल, दुधाच्या वहीत का होईना, तर ती वही जपा.

आता पैशांचा हिशोब. इथे बहुतेक तक्रारी रागानं लिहिल्या जातात आणि म्हणून फसतात. “२६ लाख व्याजासह परत द्या” अशी मागणी ऐकायला चांगली वाटते, पण २६ लाखांचं काही ना काही घर तुमच्या प्लॉटवर उभं आहे. आयोग विचारणार की त्याचं काय. खरं नुकसान असं काढा: उरलेलं काम आणि दोषांची दुरुस्ती आजच्या दरानं करायला किती लागेल? समजा, तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन घेतल्यावर रास्त आकडा १५ लाख येतो. ठेकेदारानं काम पूर्ण केलं असतं तर तुम्ही त्याला आणखी ८ लाख २० हजार देणारच होतात. म्हणजे ज्यादा भुर्दंड ६ लाख ८० हजार. हा तुमचा पाया. त्यावर घराचा ताबा ठरल्या तारखेला न मिळाल्यामुळे भरलेलं भाडं, चाचणीचा आणि अहवालाचा खर्च, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च. हा आकडा छोटा दिसतो म्हणून नाराज होऊ नका. पुराव्यानं उभा असलेला सात लाखांचा दावा हवेतल्या २६ लाखांपेक्षा कितीतरी वेळा पदरात पडतो.

अभियंत्याच्या अहवालात म्हणून तीन वेगळे तक्ते हवेत: झालेलं आणि स्वीकारण्याजोगं काम, झालेलं पण दुरुस्ती लागणारं, आणि न झालेलं. प्रत्येक बाबीचं मोजमाप, दर, रक्कम. ‘एक्स्ट्रा’चं काय, हेही आधीच स्वतःशी प्रामाणिकपणे लिहून काढा. तुम्ही मधेच एक बाथरूम वाढवलं असेल, जिना फिरवला असेल, माळे टाकून घेतले असतील तर ठेकेदार ते मांडणारच. जे खरं आहे ते आधीच मान्य करून हिशोबात वजा दाखवलंत तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. लपवलंत आणि त्यानं व्हॉट्सॲपवरचा तुमचाच मेसेज दाखवला, तर सगळंच डळमळतं.

रोख दिलेल्या पैशांची पावती नसेल तर बँकेतून काढल्याची नोंद, त्याच दिवशीचा “मिळाले” असा मेसेज, सोबत असलेल्या माणसाचं शपथपत्र, हे जोडा. चॅटचे स्क्रीनशॉट चालतात, पण मूळ फोन बदलू नका, चॅट पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकिलाकडून करून घ्या.

मोजमाप आणि चाचणी झाली की नोटीस. ही नोटीस नुसती धमकीची नसावी, आणि इथे एक तरतूद बऱ्याच जणांना माहीत नसते. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम २० मध्ये २०१८ ला दुरुस्ती झाली. करार मोडणाऱ्याचं उरलेलं काम दुसऱ्याकडून पूर्ण करून त्याचा खर्च मूळ माणसाकडून वसूल करायचा असेल, तर त्याला आधी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेवढ्या मुदतीत तू काम कर, नाहीतर मी दुसऱ्याकडून करून घेईन आणि खर्च तुझ्याकडून घेईन, असं स्पष्ट लिहायचं. नोटिशीसोबत दोषांची यादी, मोजमापाची प्रत आणि फोटो जोडा. तो ३० दिवसांत आला आणि काम सुरू केलं तर करू द्या, पण आता पैसे आगाऊ नाहीत, टप्पा झाल्यावर आणि तुमच्या इंजिनिअरनं बघितल्यावर. नाही आला तर एकतिसाव्या दिवशी नवा ठेकेदार लावायला तुम्ही मोकळे. लावाच. कारण करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये हेही पाहिलं जातं की नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत. दोन पावसाळे घर उघडं टाकून सळया गंजू दिल्या आणि सगळा खर्च त्याच्या माथी मारला, तर तो पूर्ण मिळणार नाही. नव्या ठेकेदाराची बिलं, बँकेतून दिलेले पैसे, रोजचे फोटो, सगळं वेगळ्या फाइलला.

तक्रार कुठे? जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्ट लिहिलेली आहे. सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात घरबांधणीतली कसूर ही सेवेतली त्रुटी असल्याचं केव्हाच ठरवून दिलंय. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. तुमचे २६ लाख, म्हणून जिल्हा आयोग, आणि २० ते ५० लाखांच्या गटात फी फक्त १,००० रुपये. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, ठेकेदाराच्या गावाला जावं लागत नाही. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते, तरी अशा तांत्रिक प्रकरणात मी वकील घ्या असंच सांगेन. करारात लवादाचं (वाद कोर्टाऐवजी पंचाकडे सोपवण्याचं) कलम असेल तर घाबरू नका, त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. प्लॉट पतीपत्नीच्या नावावर असेल तर तक्रार दोघांच्या नावानं. खालचा मजला दुकानासाठी भाड्यानं द्यायचा असं करारात लिहिलं असेल, तर “व्यावसायिक हेतू” ही हरकत येईल, वकिलाला आधीच सांगा.

मुदत दोन वर्षांची आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षं, म्हणजे तुमच्या बाबतीत सुरक्षित बाजूनं ज्या दिवशी काम बंद पडलं त्या दिवसापासून मोजा. नोटीस पाठवल्यानं ही मुदत पुढे सरकत नाही. “करतो, करतो, गणपतीनंतर येतो, दिवाळीनंतर येतो” यात दीड वर्ष घालवलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण बाजू खरी असते आणि हातात दिवस उरलेले नसतात.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर ठेकेदाराला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये पक्कं केलंय. निकालासाठी कायद्यात तीन महिने, चाचणी लागली तर पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, त्याची तयारी ठेवा. तुमचा अहवाल तो नाकारेल असं दिसलं तर आयोगाकडे कोर्ट कमिशनर (साइट पाहून आयोगाला अहवाल देणारा) नेमण्याचा अर्ज आधीच करा. ग्राहक आयोगाचा आदेश न पाळल्यास कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पैसे बुडवून बसणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात हलवतं ते हे कलम. अपिलात जायचं तर त्याला ४५ दिवसांत जावं लागतं आणि आदेशातल्या रकमेची निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

पोलिसांत जाऊ का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढे विचाराल. नुसतं काम अर्धवट सोडलं, वाईट केलं, यावर गुन्हा दाखल होणं कठीण आहे, पोलिस दिवाणी बाब म्हणून परत पाठवतात आणि त्यात ते सहसा चुकीचे नसतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ च्या फसवणुकीसाठी सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू दाखवावा लागतो. सळईसाठी म्हणून तीन लाख घेतले आणि खोटं बिल दाखवलं, तुमच्या नावावर आणलेलं सिमेंट दुसऱ्या साइटवर उतरवलं, असं काही कागदावर असेल तर मात्र लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

गवंडी आणि मजुरांबद्दल एक सांगायचं राहिलं. ठेकेदार गेला की त्यांची मजुरीही बुडालेली असते, आणि ते तुमच्या दारात येतात. त्यांच्याशी भांडू नका. कुठल्या दिवशी किती माल पडला, पाणी कोणी मारलं नाही, सळई कुठून कमी केली, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मुकादमाला बसवून बोला, तो तयार असेल तर शपथपत्र घ्या. उरलेलं काम त्याच टोळीकडून करून घेणार असाल तर नवा हिशोब नव्या कागदावर, जुनी थकबाकी त्यात मिसळू नका. सिमेंटवाला, वीटवाला उधारी मागायला आला तर मालाची पावती कोणाच्या नावावर आहे ते बघा. ठेकेदाराच्या नावावर असेल तर ती उधारी त्याची आहे. भीतीनं पैसे देऊ नका.

आणि आयोगाची नोटीस गेल्यावर, बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या तारखेच्या आधी, ठेकेदार एखाद्या ओळखीच्या माणसाला घेऊन घरी येईल. तडजोड वाईट नसते, मी स्वतः कित्येक प्रकरणांत ती करा असं सांगितलंय. पण ती आयोगासमोर नोंदवून घ्या, मध्यस्थीची सोयही कायद्यात आहे. घरच्या सोफ्यावर बसून “हिशोब पूर्ण, काही तक्रार नाही” अशा कागदावर सही करू नका, मूळ करारनामा त्याच्या हातात देऊ नका, आणि पुढच्या तारखेचा धनादेश घेऊन तक्रार मागे घेऊ नका. रक्कम किती, कोणत्या तारखेला, काम करून देणार असेल तर कोणतं, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती दिवसांत, आणि न केल्यास काय, एवढं त्या तडजोडीत लिहिलेलं असलं पाहिजे. पैसे खात्यावर जमा होईपर्यंत तक्रार उभीच ठेवा.